जांभळ्या झाकणाच्या नळ्या

९ फेब्रुवारी
प्रयोगशाळा, तळमजला

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे न फोडताच दादाच्या हातात द्याल, अशी मला दाट शंका आहे. तेव्हा दादा, तू फोडलं असशील तर मुकाट्याने वहिनीला दे आणि बाजूला हो. हे तुझ्यासाठी नाही. तुझी तब्येत वगैरे मी फोनवर विचारीन.

वहिनी, तीन वर्षं आपण बोललो नाही. चूक कुणाची, यावर मी आज एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र निव्वळ कामाचं आहे.

आपला जुना डीप फ्रीजर एकदाचा मोडीत निघाला. तो रिकामा करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. तिसऱ्या कप्प्यात, अगदी मागे, बर्फात रुतलेला एक डबा सापडला. त्यावर तुमच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘कात्री. हात लावू नये.’ मी हात लावला.

कात्री म्हणजे काय हे मला कळलं होतं की नाही, ते तुम्ही कधी विचारलंच नाही. म्हणून लिहूनच दाखवते. पक्षाघाताचा झटका येतो तेव्हा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. ती विरघळवायला आपण जे इंजेक्शन देतो, ते गुठळीतले एका जातीचे धागे तोडतं. पण पुष्कळ गुठळ्यांमध्ये दुसरंही एक जाळं असतं. पांढऱ्या पेशी मरताना आपल्या पोटातलं सगळं बाहेर टाकतात, त्याचं जाळं. इंजेक्शन त्याला शिवतसुद्धा नाही. म्हणून वेळेत इंजेक्शन मिळूनही कितीतरी माणसांची वाहिनी उघडत नाही. ते दुसरं जाळं तोडणारं एन्झाइम म्हणजे तुमची कात्री. बरोबर? पास की नापास?

तर त्याच दिवशी आपल्या तारवाल्या डॉक्टरांनी एका बाईच्या मेंदूतून तार घालून गुठळी ओढून काढली. त्यांच्याकडच्या नळ्या संपल्या होत्या म्हणून ती मिठाच्या पाण्यात, स्टीलच्या वाटीतून माझ्याकडे आली. डबा फेकायचाच होता. म्हटलं, फेकण्याआधी कात्रीत जीव उरलाय का बघू. जुन्या पद्धतीप्रमाणे गुठळीचे दोन सारखे तुकडे केले. एक नुसत्या इंजेक्शनमध्ये, दुसरा इंजेक्शन अधिक कात्रीमध्ये. अंगाच्या उबेइतक्या उबेत दोन्ही हलत ठेवले आणि चहाला गेले.

चाळीस मिनिटांनी परत आले तर पहिला तुकडा तिथेच, रबरासारखा. दुसरी नळी रिकामी. मला वाटलं, मी तुकडा टाकायलाच विसरले. चष्मा लावला. झाकणात बघितलं, स्टँडखाली बघितलं, चपलेचा तळवाही उलटा करून बघितला. मग स्टुलावर बसले. वहिनी, तो विरघळला होता.

तुमच्या अभ्यासात बावन्न गुठळ्या होत्या. सगळ्या मीच कापल्या. त्यातली एकही अशी वागली नव्हती. एवढंच कळवायचं होतं. उत्तराची अपेक्षा नाही.

गुठळीबाई
(हे नाव इथे अजून चालू आहे. तुम्हीच पाडलंत.)

२ मार्च

वहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. ‘एका नमुन्याने काय होतं?’ तीन वर्षांनी चार शब्द, आणि तेही प्रश्न विचारण्यापुरते! तरी मी ते कार्ड यंत्राच्या वर चिकटवलंय. येणारे-जाणारे वाचतात आणि मला विचारतात, कुणाचा टोमणा आहे? मी म्हणते, आमच्या वहिनीचा.

तर आणखी सहा केल्या. चार साफ विरघळल्या, दोन जागच्या हलल्या नाहीत. मी वैतागले. तीच कात्री, तेच इंजेक्शन, तीच ऊब. दोन दिवस डोकं खाजवलं. मग कचऱ्याच्या पेटीकडे नजर गेली. ज्या चार विरघळल्या त्या वाटीतून आल्या होत्या. ज्या दोन अडून बसल्या त्या जांभळ्या झाकणाच्या नळीतून.

पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हात थांबत नाही. रक्तमोजणीची नळी आहे ती. रक्त गोठू नये म्हणून तिच्या आत आधीच एक क्षार लावलेला असतो. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट धरून ठेवतो. आणि तुमच्या कात्रीला चालायला नेमकं तेच लागतं. म्हणजे आपण कात्रीचे हात आधीच बांधून ठेवायचे आणि मग म्हणायचं, चल काप.

खात्री करून घेतली. वाटीतली एक चांगली गुठळी मुद्दाम दहा मिनिटं जांभळ्या नळीत ठेवली, दोनदा धुतली आणि मग प्रयोग केला. कात्री मेली. पुन्हा तशीच दुसरी घेतली आणि वरून कॅल्शियम-मॅग्नेशियमचे थेंब टाकले. कात्री उठून बसली! मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या. बाहेरून सिस्टर विचारायला आल्या, झुरळ मारलंत का?

त्या बावन्न गुठळ्या कोणत्या नळ्यांतून आल्या होत्या, ते जुन्या वह्यांतून शोधावं लागेल. बघते.

गुठळीबाई

२५ मार्च

वहिनी,

दुसरं कार्ड मिळालं. या वेळी दोनच शब्द : ‘त्या बावन्न?’ तुमची कंजुषी वाढत चालली आहे.

सगळ्या जांभळ्या. पहिलीपासून शेवटचीपर्यंत. तुमच्या कार्यपद्धतीत साध्या, पांढऱ्या झाकणाच्या नळ्या लिहिल्या होत्या. त्या सुमाराला साध्या संपल्या होत्या आणि स्टोअरमधून जांभळ्यांचं खोकं आलं. ते तारवाल्यांच्या खोलीत गेलं आणि तिथेच राहिलं. स्टोअरवाले काका आता निवृत्त झाले, त्यांना ऐकूही कमी येतं. त्यांना विचारून काही हाती लागेल असं वाटत नाही. झालं ते झालं.

आता महत्त्वाचं. आपले विभागप्रमुख, म्हणजे आपला ‘बरंबघू’, ही खोली वर्षअखेर रिकामी करून मागतोय. नवं स्कॅनचं यंत्र बसवायचं आहे. मी त्याला सात गुठळ्यांचा तक्ता नेऊन दाखवला. तो काय म्हणाला असेल ते तुम्ही ओळखा.

तुमची कात्री बरोबर होती, वहिनी. जगात हे आत्ता फक्त दोन माणसांना माहीत आहे, आणि त्यातलं एक माणूस शाळेत मुलींना पानाचे भाग शिकवतंय. हे मला बघवत नाही.

गुठळीबाई

११ एप्रिल

वहिनी,

मागच्या पत्रात मी ते स्टोअरवाल्या काकांवर ढकललं. पत्र पेटीत टाकलं आणि घरी पोचेपर्यंत स्वतःचीच चीड आली. काकांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

मागणीची वही माझ्यासमोर आहे. तुमची पहिली गुठळी यायच्या आदल्या दिवशीची नोंद. ‘साध्या नळ्या संपल्या. जांभळ्या चालतील.’ अक्षर माझं, सही माझी. ‘चालतील’ खाली रेघसुद्धा मारलीय, काकांनी उगाच शंका काढू नये म्हणून.

ही वही मला आत्ता सापडली असंही नाही. कचऱ्याच्या पेटीत जांभळं झाकण दिसलं त्याच क्षणी मला ती ओळ आठवली होती. ‘जुन्या वह्यांतून शोधावं लागेल’ हे मी तुम्हाला लिहिलं तेव्हा वही माझ्या मांडीवर होती.

तुम्हाला का विचारलं नाही? तुम्ही त्या दिवशी कामात होता, आणि मला माझ्या एका गोष्टीची फार घमेंड होती. गुठळीबाईच्या टेबलावर काम कधी अडत नाही. नळी ती नळी, असं म्हणून मी मोकळी झाले. पंचवीस वर्षं मी त्या नळ्या रोज हातात धरते. आत काय लावलेलं असतं ते झोपेतही सांगेन. पण ती रक्तासाठी असते, आणि गुठळी म्हणजे रक्त नव्हे, ती झालेली वस्तू, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. अशी चूक बाहेरचा माणूस करूच शकत नाही. त्याला आपल्याइतकी सवय नसते.

आणि मग ती बैठक. चौदा माणसं होती, मी मोजली होती. तुम्ही आवाज न चढवता विचारलंत, ‘वन्सं, नमुन्यांच्या बाबतीत मधे काही बदललं होतं का?’ मला वाटलं, स्वतःचा विचार फसला तो माझ्यावर ढकलताय. मी उभी राहून म्हटलं, ‘काही बदललेलं नाही. तुमचा सिद्धांत चुकला, त्याचं खापर माझ्या नळ्यांवर फोडू नका.’ कुणीतरी हसलं. तुम्ही फाइल बंद केलीत. दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाहीत. मला तेव्हा वाटलं, जिंकले.

तुम्ही विचारलं नाही, कारण माझ्या शब्दावर तुमचा विश्वास होता. हे कळायला मला तीन वर्षं लागली. त्याच विश्वासावर तुम्ही स्वतःच्या नावाने छापून टाकलंत की कात्री रुग्णांच्या गुठळ्यांवर चालत नाही. दुसरा कुणी असता तर तो निबंध कपाटात दाबून ठेवला असता. तुम्ही छापलात, राजीनामा दिलात आणि गेलात.

मला लाज वाटते, वहिनी. माफी मागून तुम्हाला आणखी एका पेचात टाकणार नाही. बुधवारी विभागाची बैठक आहे. तिथे ही वही घेऊन जाणार आहे.

तुमची नणंद

७ जुलै

वहिनी,

तीन महिने झाले, कार्ड नाही. हे माझ्या पदरात पडणारच होतं, तक्रार नाही. दादाचा फोन आला होता. म्हणाला, ‘ती शाळेतून येते, तुझं पत्र काढते, वाचते, परत खणात ठेवते. माझ्याशीही धड बोलत नाही. तू लिहिलंयस तरी काय?’ मी म्हटलं, तिलाच विचार. ‘तिला विचारायची हिंमत असती तर तुला फोन केला असता का?’ असं म्हणाला. दादा काही सुधारत नाही.

बैठकीत काय झालं ते सांगते. बरोबर त्याच खोलीत, त्याच खुर्चीजवळ उभी राहिले. वही उघडून ती ओळ वाचली. म्हटलं, नळ्या मी बदलल्या, आणि विचारल्यावर नाही म्हणून सांगितलं. वहिनींचा विचार बरोबर होता. मग तारवाले डॉक्टर म्हणाले, ‘अहो, बावन्न गुठळ्या त्या नळ्यांत मीच टाकल्या की. मलाही दिसल्या नाहीत.’ भला माणूस.

आणि वहिनी, तुमचा विश्वास बसणार नाही. बरंबघू ‘बरं, बघू’ म्हणाला नाही! चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाला, ‘पुन्हा करा.’ चाळीस गुठळ्या, नोव्हेंबरअखेर. कोणत्या नळीत कात्री आणि कोणत्या नळीत नुसतं इंजेक्शन, ते मला कळणार नाही. नळ्यांवर फक्त आकडे असतील आणि त्या आकड्यांची किल्ली त्याच्या कपाटात, बंद पाकिटात. काम फसलं तर खोली स्कॅनच्या यंत्राला.

मी एक अट घातली. म्हटलं, अभ्यास वहिनींच्या नावाने होईल. तो म्हणाला, ‘त्या इथे नाहीत.’ मी म्हटलं, ‘विचार त्यांचा आहे. मी नुसती कापते.’ तो म्हणाला, ‘त्यांनी सही दिली तर.’

फॉर्म आणि मी लिहिलेली कार्यपद्धती सोबत जोडलीय. सही करायला माझ्याशी बोलावं लागत नाही. वहिनी, सही करा. माझ्यासाठी नको. त्या कात्रीसाठी करा.

तुमची नणंद

१२ ऑगस्ट

वहिनी,

फॉर्म मिळाला. सही मिळाली. सोबत एक ओळसुद्धा नाही, पण माझ्या कार्यपद्धतीवर लाल शाईने नऊ दुरुस्त्या! फॉर्म हातात घेऊन मी भर दुपारी जिन्यात उभी राहून हसत होते. तीन वर्षांत कुणी माझ्या कामात इतक्या चुका काढल्या नव्हत्या.

आठ मान्य. सातवी नाही. गुठळी धुवायचं पाणी थंडगार असावं असं तुम्ही म्हणता. थंड पाण्यात गुठळी आखडते आणि दोन तुकडे सारखे पडत नाहीत. कापणारे हात माझे आहेत. मी कोमटच वापरणार. हवं तर सही परत घ्या.

आजपर्यंत अकरा झाल्या. सगळ्या पांढऱ्या झाकणाच्या नळ्यांतून. जांभळं खोकं मी स्वतः उचलून रक्तमोजणीच्या विभागात देऊन आले आणि पोच लिहून घेतली.

तुमची नणंद

२४ नोव्हेंबर

वहिनी,

आज सकाळी अकरा वाजता पाकीट फोडलं.

आधी बरंबघूने सगळ्यांना उभं केलं. मग तो स्वतः मात्र खुर्चीत बसला. तारवाले डॉक्टर फळ्यापाशी खडू घेऊन. मी माझ्या वहीतून वाचत होते. नळी एक, विरघळली नाही. नळी दोन, विरघळली. आणि बरंबघू किल्लीच्या कागदावरून सांगत होता. नुसतं इंजेक्शन. कात्री. नुसतं इंजेक्शन. कात्री. पंधराव्या गुठळीनंतर मागे कुजबुज सुरू झाली. पंचविसावीपर्यंत तारवाल्यांचा खडू मोडला. मी वर बघितलंच नाही, नाहीतर आकडे चुकले असते.

ऐका. एका तासात नुसत्या इंजेक्शनने पूर्ण विरघळल्या चाळीसपैकी अकरा. कात्रीसकट, चौतीस.

चौतीस, वहिनी! पुन्हा लिहिते, चौतीस!

खोलीत असा काही गलका उठला की वरच्या मजल्यावरून निरोप आला, रुग्ण झोपलेत. बरंबघू खुर्चीवरून उठला आणि माझ्यासमोर आला. त्याने माझा हात धरून पंप मारल्यासारखा हलवला. तारवाल्यांनी फळ्यावर सगळ्यात वर तुमचं नाव लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्या पुसू द्यायच्या नाहीत, असा मी दम भरलाय.

मी हात धुवायच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. लाज होती, आनंद होता, दोन्ही एकदमच बाहेर आलं. मग तोंड धुतलं आणि एक्केचाळिसावी गुठळी कापायला घेतली, कारण ती येऊन थांबली होती.

स्कॅनचं यंत्र दुसरीकडे जाणार. खोली आपली आहे. तुमची खुर्ची मी पुसून ठेवलीय. याल की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमची नणंद

१ डिसेंबर

वन्सं,

तुम्ही मला कंजूष म्हणालात, म्हणून आज लांब लिहायचा प्रयत्न करते. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. मुद्द्यांत लिहिते.

मी रागावून गप्प आहे, असं तुम्हाला वाटलं. तुमच्या भावालाही तसंच वाटलं. ते खरं नाही.

तुमचं मार्चमधलं पत्र वाचलं तेव्हा मी वर्गात होते. मुलींना काहीतरी लिहायला दिलं होतं. जांभळ्या झाकणाचं वाक्य वाचलं आणि माझ्या बोटांना ती झाकणं आठवली. वन्सं, गुठळ्या तुम्ही कापल्यात, पण नळ्या कुणी उघडल्या? माझा नियम होता की रुग्णाचा नमुना आधी माझ्या हातात आला पाहिजे. बावन्न वेळा मी स्वतः ते झाकण फिरवून काढलं. जांभळं. मला रंग दिसतात. त्या क्षाराचा आणि या एन्झाइमचा काय संबंध, हे मी परीक्षेत लिहून पहिली आले होते. तुम्हाला ते ठाऊक असणं वेगळं. माझं ते कामच होतं.

तरी बैठकीत मी तुम्हाला विचारलं. का विचारलं ते मी पुष्कळ दिवस आठवून पाहिलं. कुठेतरी काहीतरी खटकत होतं, आणि ते मी स्वतः शोधण्याऐवजी तुमच्या तोंडून यावं असं मला वाटलं. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. मग पुढे शोधलं नाही. मार्चमध्येही तेच केलं, ठाऊक असून ‘त्या बावन्न?’ असं तुम्हालाच विचारलं.

तुम्ही एप्रिलमध्ये कबूल केलंत. सगळ्या विभागासमोर उभ्या राहिलात. ते वाचल्यावर मला एका कार्डावरही उभं राहता येईना. म्हणून दुरुस्त्या पाठवल्या. दुरुस्त्या काढणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

हे पत्र विभागप्रमुखांना वाचून दाखवा. संकोच करू नका. निबंध छापला जाईल तेव्हा नळ्यांची चूक त्यात लिहायची, आणि ती ‘आम्ही’ केली असं लिहायचं. माझं नाव पहिलं असेल तर तुमचं दुसरं असेल. तंत्रज्ञांचं नाव तळटीपेत टाकायची जुनी पद्धत मला चालणार नाही.

परीक्षांचे पेपर तपासून झाले की येते. सतरा तारखेला, सकाळी. तुमचा भाऊ सामान घेऊन नंतर येईल, त्याला सगळ्याला वेळ लागतो.

सातव्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर होता. मी इथे शाळेत माझंच रक्त गोठवून करून पाहिलं.

वहिनी

१९ सप्टेंबर
प्रयोगशाळा, तळमजला

वहिनी,

तुम्ही कालच मेंदूतज्ज्ञांच्या सभेला गेलात आणि आज सकाळपासून तुमचा फोन बंद. सभागृहात, की व्याख्यानाची तयारी, की नुसता विसरलात, देव जाणे. म्हणून लिहिते. उद्या सकाळी तुम्ही व्यासपीठावर चढायच्या आत हे हॉटेलवर पोचेल, असं कुरिअरवाल्याने छातीठोक सांगितलंय.

आपल्या तीस जणांच्या चाचणीतला पहिला रुग्ण आला. तुम्ही गेलात आणि दुसऱ्याच दिवशी आला. परवानगीला नऊ महिने लागले, समितीने तेच कागद चारदा मागितले. एक नशीब, हे एन्झाइम फुफ्फुसाच्या आजारात आधीपासून वापरलं जातं, नाहीतर नऊ वर्षं लागली असती. एवढं सगळं होऊन तो यायचा तो नेमका तुम्ही नसताना. मी चिडलेच होते.

बस चालवणारा माणूस, अठ्ठावन्न वर्षांचा. सकाळी दहाला दहा कमी असताना घरात बायकोशी भांडत होता. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर तुटलं, तोंड वाकडं झालं आणि उजवा हात पडला. बायको शहाणी. तेल चोळत बसली नाही, सरळ रिक्षात घालून आणलं. पावणेअकराला तो स्कॅनवर होता. डावीकडची मोठी वाहिनी बंद. शुद्धीवर होता, डोळे सगळीकडे फिरत होते, पण शब्द एकही नाही.

बरंबघूने बायकोला बाजूला घेऊन सगळं नीट समजावलं. हे नवं आहे, रक्तस्राव होऊ शकतो, उपयोग होईलच असं नाही, नको म्हणालात तर नेहमीचं इंजेक्शन देऊच. बाई म्हणाली, ‘डॉक्टर, हा माणूस तीस वर्षांत पाच मिनिटं गप्प बसलेला नाही. मला हे गप्प राहणं बघवत नाही. द्या.’ आणि सही केली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी इंजेक्शन आणि कात्री, दोन्ही गेलं. दर पंधरा मिनिटांनी रक्त घ्यायचं काम माझं, म्हणून मी पलंगाजवळच होते. पहिली नळी घेतली, काही नाही. दुसरी घेतली, काही नाही. बरंबघू खिडकीशी पाठ करून उभा होता. बायको उजवा हात धरून बसलेली.

तिसऱ्या नळीच्या वेळी ती एकदम म्हणाली, ‘अहो, यांनी बोट दाबलं.’ मला वाटलं, बिचारीला भास होतोय. तेवढ्यात ते बोट हललं. मग मनगट. मग त्याने हात कोपरातून वर उचलला, स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला आणि दुकानात नवी वस्तू निरखावी तसा उलटसुलट करून बघितला. बरंबघू धावत आला. वहिनी, तो माणूस खरंच धावला!

बारा वाजून पाच मिनिटांनी त्याचे ओठ हलायला लागले. आधी नुसता आवाज. बरंबघू म्हणाला, घाई करू नका, आधी नाव सांगा बघू. रुग्णाने त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. बायकोकडे वळला, श्वास घेतला आणि जड जिभेने, पण एकेक शब्द स्पष्ट म्हणाला,

‘शिडी मी नाही दिली कुणाला. तुझ्या भावानं नेली.’

सकाळी दहाला दहा कमी असताना तुटलेलं वाक्य त्याने तिथूनच उचललं होतं.

बायको रडायलाही लागली आणि हसायलाही लागली. त्याचा हात कपाळाला लावून म्हणाली, ‘हो रे बाबा, नेली! माझ्याच भावानं नेली! आता भांड. हवं तेवढं भांड.’ तो म्हणाला, ‘मग सकाळी का नव्हतीस मानत?’ आणि दोघांचं जे सुरू झालं, ते सिस्टरने रक्तदाब वाढेल म्हणून थांबवलं.

दुसरा स्कॅन झाला. वाहिनी उघडी. रक्तस्राव नाही. बरंबघू ती चित्रं घेऊन कॉरिडॉरमध्ये भेटेल त्याला दाखवत सुटलाय, झाडूवाल्या मावशींनाही दाखवून झाली.

मला माहीत आहे, पुढचे एकोणतीस सगळे असेच उठून बसतील असं नाही. तुम्ही तसं म्हणणार, आणि बरोबर म्हणणार. उद्या सभेत चौतीसचा आकडा सांगा, अकराचा सांगा, नळ्यांची चूक सांगा. सगळं सांगा, काही लपवू नका.

पण आधी शिडीचं सांगा.

तुमची नणंद